श्रीरामपूरचा झहीर : पाच शहरांची वाट

७ ऑक्टोबर २०००, नैरोबी. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉसारख्या कसलेल्या फलंदाजाचा त्रिफळा एका यॉर्करने उडाला. गोलंदाजाला भारताच्या संघात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते आणि त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. झहीर खान, जन्मगाव श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर.

ऊस आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात वेगवान गोलंदाज घडवणारी शाळा नव्हती. मुलं खेळायची ती बहुतेक टेनिसच्या चेंडूवर. जिल्ह्याचं क्रिकेट महाराष्ट्र संघटनेच्या, म्हणजे पुण्याच्या कक्षेत येतं. पण झहीर महाराष्ट्राकडून रणजी सामना कधी खेळलाच नाही. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला. वाट खरी तर इंजिनिअरिंगची ठरली होती. इंजिनिअर देशात पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, अशा अर्थाचं त्याच्या वडिलांनीच त्याला सांगितलं. मध्यमवर्गीय घरात असं बोलणारा बाप विरळाच!

मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला सुधीर नाईक भेटले. १९७०-७१ साली रणजी जिंकणाऱ्या मुंबईचे कर्णधार, पुढे तीन कसोटी खेळलेले सलामीवीर. तिथून चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन. डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांची नजर. तरीही मुंबईच्या रणजी संघात जागा मिळेना, म्हणून तो बडोद्याला गेला आणि १९९९-२००० मध्ये तिथून प्रथम श्रेणीत उतरला. मग बंगळुरूच्या नव्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीची पहिली तुकडी. त्यानंतर थेट नैरोबी. रणजीचा अवघा एक हंगाम गाठीशी होता.

खेळाडू घडण्यासाठी अशी गावोगाव वाट प्रत्येक ठिकाणी तुडवावी लागत नाही; उदाहरणार्थ फ्रान्स. बास्केटबॉलपटू व्हिक्टर वेम्बान्यामा दहाव्या वर्षी नॉतेर क्लबमध्ये दाखल झाला, पंधराव्या वर्षी त्याच क्लबच्या व्यावसायिक संघातून खेळला आणि २०२३ साली अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर सॅन अँटोनियो संघाकडे गेला. मूल हेरायचं, सांभाळायचं, मैदानात उतरवायचं, सगळं एका छपराखाली. झहीरला त्यासाठी गावं बदलावी लागली. झहीरच्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणेही घडला तो डोंबिवलीत राहून.

पण झहीरची खरी कमाल पुढची आहे. २००६ मध्ये भारतीय संघातली जागा गेल्यावर तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळला. एका हंगामात ७८ बळी. रन-अप आखूड केला, चेंडूवरचा ताबा वाढवला. जुना चेंडू हाती आला की धावताना तो उजव्या पंजाआड झाकून आणायचा, चकाकती बाजू कोणती हे फलंदाजाला शेवटपर्यंत कळू नये म्हणून. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम कसोटीत ९ बळी घेतले आणि २१ वर्षांनी भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली.

२०११ च्या विश्वचषकात त्याने नकल बॉल काढला. बोटं मुडपून चेंडू सांध्यांवर टेकवायचा. हात नेहमीच्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो. चेन्नईत ८१ धावांवर जमलेला वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ असाच चकला. स्पर्धेत झहीरचे बळी २१, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक.

२ एप्रिलचा अंतिम सामना वानखेडेवर होता. खेळपट्टी तयार करणारे क्युरेटर होते सुधीर नाईक. त्यांच्या शिष्याने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली, ६ धावा दिल्या, श्रीलंकेच्या थरंगाला स्लिपमध्ये सेहवागकडे झेल द्यायला लावलं. उरलेल्या पाच षटकांत मात्र ५४ धावा गेल्या. गुरुजींनी खेळपट्टी फलंदाजांसाठीही चोख केली होती.