पाढ्यांपासून पदव्युत्तर गणितापर्यंत

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम जारी केला, तेव्हा गणिताची पहिली पायरी म्हणजे मुखोद्गत पाढे हीच होती. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ओलांडून जो साडेतीन पटींची औटकी अस्खलित म्हणे, त्याला साडेतीन रुपये मणाच्या भावाने सोळा मण गुळाचे छप्पन्न रुपये सांगण्यास कागद लागत नसे. त्रैराशिक, व्याज व अपूर्णांक ही दुसरी पायरी; पेढीवरच्या दिवाणजीचे काम तेवढ्यावर भागे. बीजगणित व भूमिती इंग्रजी शाळेत, आणि कलनशास्त्र महाविद्यालयात. त्यासाठी कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय होते; त्याची स्थापना १८८० ची.

खरी चढण यापुढची, कारण तेथे उत्तरापेक्षा सिद्धतेला महत्त्व येते. १९०८ साली कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजचे रँग्लर, म्हणजे तेथील गणिताच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळविणारे, होऊन बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १९३८ साली कोल्हापुरातच जन्मलेले त्यांचे चिरंजीव जयंतराव यांनीही रँग्लरचा मान मिळविला. बनारसच्या त्यांच्या घरी मामा मोरेश्वर हुजुरबाजार फळ्यावर एखादे अवघड उदाहरण भाच्याला आव्हान म्हणून लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. कोणत्याही अभ्यासक्रमात न बसणारी ही पायरी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे गणिताचे पदव्युत्तर अध्ययन व संशोधन त्याच्या गणित विभागात होऊ लागले.