खतावणीतली ईव्ह

मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांची सहल बहुधा ठरलेली असते. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नातवंडांच्या हट्टापायी डिस्नेचे जग. ‘या देशाला इतिहास तो कितीसा!’ हे वाक्यही ठरलेलेच. त्याची खातरजमा करायची असेल, तर वॉशिंग्टनहून तीनेक तासांवर असलेल्या व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन या गावांसाठी तीन दिवस राखून ठेवावेत. झाडीतून जाणारा सुमारे ३७ किलोमीटरचा एक रस्ता या तिन्ही गावांना जोडतो. इंग्रजांचे राज्य त्याच्या एका टोकाला रुजले आणि दुसऱ्या टोकाला उखडले गेले.

जेम्सटाउनला नदीकाठी एका जुन्या चर्चचा विटांचा मनोरा उभा आहे. इथला मूळ किल्ला नदीने गिळला, अशी समजूत होती. १९९४ साली उत्खनन सुरू झाले आणि त्याच्या लाकडी तटाच्या खुणा मातीत सापडल्या. १६०७ साली इथे १०४ पुरुष आणि मुलगे उतरले, ते भागधारकांच्या पैशावर चालणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचे. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ हाच १६०९ पासून दहा वर्षे या कंपनीचाही कारभारी होता. म्हणजे सुरतेकडे गलबते धाडणारा आणि जेम्सटाउनकडे धाडणारा माणूस एकच! तिकडे फायदा झाला. इकडे १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने वसाहतीत साठेकच माणसे उरली. पुढे १६२४ साली कंपनीची सनदही रद्द झाली. वसाहत मात्र तंबाखूने तारली.

तंबाखूला राबणारे हात लागतात. १६१९ च्या जुलैअखेर जेम्सटाउनच्या चर्चमध्ये इंग्रजी अमेरिकेतली पहिली निवडलेली सभा भरली. महिन्याभरातच तिथून जवळच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे अन्नधान्याच्या मोबदल्यात उतरवली गेली. लोकशाही आणि गुलामगिरी एकाच उन्हाळ्यात त्या भूमीवर आल्या.

विल्यम्सबर्ग ही १६९९ ते १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी. राजधानी हलल्यावर गाव पेंगत राहिले. १९२६ नंतर रॉकफेलर यांच्या पैशाने ते पुन्हा अठराव्या शतकासारखे उभारले गेले. लोहाराचा भाता चालतो, छापखान्यात हाताने खिळे जुळवले जातात, जुन्या वेशातली माणसे जुन्या गप्पा मारतात. मुले अगदी रमून जातात.

मोठ्यांनी मात्र पेटन रँडॉल्फ यांच्या तांबड्या लाकडी घरापाशी जरा थांबावे. १७७४ साली भरलेल्या वसाहतींच्या पहिल्या काँग्रेसचे हे अध्यक्ष. १७७५ मध्ये ते वारले, तेव्हा मालमत्तेची रीतसर यादी झाली. तारण मालमत्तेच्या याद्या तपासण्यात ज्याची नोकरी सरली, त्या माझ्यासारख्याला अशा यादीत नवल वाटू नये. पण या यादीत घरातल्या सामानासोबत २७ माणसे आहेत. त्यांतली एक ईव्ह. इंग्रज गव्हर्नर डनमोरने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केले, की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त. रँडॉल्फांच्या घरातून पळालेल्यांत ईव्हही होती. स्वातंत्र्याच्या पुढाऱ्याच्या घरातली बाई स्वातंत्र्यासाठी शत्रूकडे गेली! पुढे ती पुन्हा त्याच घराच्या ताब्यात आली. रँडॉल्फांच्या पत्नीच्या मृत्युपत्राच्या पुरवणीत नोंद आहे, की ईव्हच्या वाईट वागणुकीमुळे तिला विकणे भाग पडले. त्यापुढे तिचा माग लागत नाही.

ही गोष्ट आज विल्यम्सबर्गमध्ये सांगितली जाते. पूर्वी सांगत नसत. कृष्णवर्णीयांनी १७७६ साली स्थापलेल्या मंडळीचे चर्च १९५० च्या दशकात पाडले गेले आणि त्या जागेवर मोटारी उभ्या करण्याचा तळ झाला. २०२० साली तोच तळ उकरायला घेतला गेला. खाली जुन्या चर्चचा पाया आणि कबरी निघाल्या.

शेवटचे गाव यॉर्कटाउन. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सात हजारांहून अधिक सैन्याने इथे शस्त्रे खाली ठेवली. तो स्वतः आजाराचे निमित्त सांगून आलाच नाही. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांच्या साथीने त्याने १७९२ मध्ये टिपूला नमवले, १७९३ मध्ये बंगालात कायमधारा लावला आणि १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. तिकडे हरलेला सेनापती इकडे राज्य पक्के करून गेला.

म्हणून ही सहल परक्या इतिहासाची वाटत नाही. आपणही सुटीत नातवंडांना गड दाखवतो. तो कोणी जिंकला, कधी जिंकला, हे उत्साहाने सांगतो. त्याचे चिरे कोणी वाहिले, पाणी कोणी चढवले, वेठीला कोण होते, हे क्वचितच सांगतो. जिंकणाऱ्यांचा पराक्रम त्याने तसूभरही उणा होत नाही. पुढच्या वेळी गडावर गेल्यावर एखाद्या नातवाने विचारलेच, “आजोबा, हे दगड वर कोणी आणले?” तर त्याला घाईने पुढे नेऊ नये. तिथेच बसून आपल्याला ठाऊक असेल तेवढे सांगावे.