एक कपाट, तीन कामे

पुस्तके ठेवायला कपाट लागते, लिहायला मेज लागते आणि शोभेच्या वस्तू मांडायला काचेची दारे असलेले कपाट लागते. ही तिन्ही कामे एकच वस्तू करू लागली तर? सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील सुतारांनी अशी वस्तू बनवली. तिला 'ब्यूरो बुककेस' म्हणतात.

तिचे दोन भाग असतात. खालच्या भागात मोठे खण असतात. खणांच्या वर एक उतरती फळी असते. ती पुढे उघडली की झाले लिहायचे मेज! पण त्याआधी दोन्ही बाजूंच्या सरकत्या पट्ट्या बाहेर ओढाव्या लागतात. फळीचा भार त्या पट्ट्यांवर येतो. त्या न ओढताच फळीवर भार दिला, तर बिजागऱ्या उखडतात. फळीच्या आत पत्रे, दौत आणि लेखणी यांसाठी लहान लहान कप्पे असतात. महत्त्वाची कागदपत्रे घरीच सांभाळावी लागत, म्हणून फळीला कुलूप असे. कधी कधी कप्प्यांच्या मागे चोरकप्पाही असे.

'ब्यूरो' हा शब्द फ्रेंच आहे. मेजावर जाडेभरडे लोकरी कापड अंथरत. त्या कापडाचे नाव आधी मेजाला मिळाले आणि मग मेज असलेल्या कचेरीलाही. आपला 'दफ्तर' शब्द पाहा. मूळ अर्थ हिशेबाची वही. उर्दूत तो कचेरी झाला आणि मराठीत 'दप्तर' होऊन तुमच्या पाठीवर आला!

वरच्या भागात पुस्तके असतात. काचेच्या दारांमुळे धूळ आत जात नाही आणि पुस्तके बाहेरून दिसतात. पण काचेचे तुकडे इतके लहान का? त्या काळी काच तोंडाने फुंकून बनवत. मोठी, सपाट काच फार महाग पडे. म्हणून लाकडी पट्ट्यांची जाळी करून तिच्यात लहान काचा बसवत. अडचणीतूनच ही सुंदर नक्षी जन्मली.

अशी काचेची दारे पुस्तकांना किती उपयोगी पडतात, हे सॅम्युअल पीप्स यांच्या ग्रंथालयावरून कळते. ते लंडनमध्ये नौदलाच्या कचेरीत काम करत. घरात पुस्तके इतकी वाढली, की ती खुर्च्यांवर रचावी लागली. तेव्हा १६६६ मध्ये त्यांनी एका सुताराकडून काचेच्या दारांची कपाटे बनवून घेतली. पुढे कपाटांची संख्या १२ झाली. पीप्स १७०३ मध्ये वारले. आपला संग्रह फुटू नये, अशी त्यांची इच्छा होती. १७२४ मध्ये तो केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आला. त्यांची ३००० पुस्तके आजही त्याच कपाटांत आहेत.

सुताराने लाकूड जोडले. पण त्यामुळे एका माणसाचा आयुष्यभराचा संग्रह शाबूत राहिला.