लीड थंड होण्याआधी!

तब्बल ४२ तास! ऑनलाइन चौकशीला उत्तर द्यायला अमेरिकी कंपन्या सरासरी इतका वेळ लावत होत्या आणि २३ टक्के कंपन्यांनी तर उत्तरच दिलं नाही. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने २०११ मध्ये छापलेल्या पाहणीतले हे आकडे. तासाभरात संपर्क करणाऱ्यांचं गिऱ्हाइकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्याहून तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट निघाली. म्हणून नागपूरच्या एजंट मित्रांनो, वेबसाइट आणि लीड सांभाळणारं सॉफ्टवेअर घेताना आधी एक करा: चाचणीच्या साइटवर स्वतःच फॉर्म भरा आणि आपला फोन किती वेळात वाजतो ते बघा.

घाई का? पोर्टलवरची एकच चौकशी अनेकदा एकाच वेळी कितीतरी एजंटांकडे जाते. स्वतःच्या साइटवर आलेला माणूस मात्र फक्त तुमचा!

आता खरी नागपुरी परीक्षा. तयार सॉफ्टवेअर विचारतं: बेडरूम किती, बाथरूम किती? बेसा-बेलतरोडीत प्लॉट शोधणारा विचारतो: आरएल आहे का? एनए-टीपी आहे का? मौजा कोणता, खसरा नंबर काय, प. ह. नं. काय? गुंठेवारी कायदा २००१ चा. त्याखाली सुधार प्रन्यासने नियमित केलेल्या लेआउटमधल्या प्लॉटला मिळतं ते आरएल. या सगळ्या माहितीचे रकाने आपल्याला हवे तसे जोडता येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, वर्धा रोडवर निरुपयोगी आहे.

महारेराचंही ऐका. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, तेव्हा प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर त्याला ठळक जागा हवी. तुमचा नोंदणी क्रमांकही तिथेच दिसू द्या. नोंदणीशिवाय धंदा केला तर रोज १० हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो!

एक गंमत: वेबसाइटचा पत्ताही देवनागरीत घेता येतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या '.भारत' डोमेनमध्ये मराठी पहिल्यापासून आहे. पाटीवर असं नाव किती शोभेल!

शेवटचं, पण सगळ्यात मोलाचं. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, साइट व्हिजिटच्या नोंदी ही तुमची कमाई आणि जबाबदारीही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा वर्षाचे पैसे भरण्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: डोमेन तुमच्याच नावावर राहील आणि सोडून जाताना सगळी यादी एक्सेलमध्ये मिळेल. जी कंपनी हे लिहून देत नाही, तिला नमस्कार करा आणि पुढच्या कंपनीकडे चला.