शेपूट खाली, कॉलर टाइट!

रिकामा उभा असलेला पिकअप ट्रक कधी नीट बघितलाय? मागची बाजू जरा उचललेलीच दिसते. ही डिझायनरची चूक नव्हे. हौद्यात माल पडल्यावर गाडी सपाट बसावी म्हणून मागचे पाटे मुद्दाम तसे कडक ठेवलेले असतात. पण ज्याला हौद्यात सिमेंटची पोती टाकायचीच नाहीत, संध्याकाळी रस्त्यावर नुसता भाव खायचाय, त्याने काय करायचं? सिंपल! गाडी 'ड्रॉप' करायची.

वाळूच्या पिशव्यांपासून सुरुवात

ही क्रेझ मूळची कॅलिफोर्नियाची. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन-अमेरिकन पोरं डिकीत वाळूच्या पिशव्या टाकून गाडी खाली बसवायची, नाहीतर सरळ स्प्रिंगा कापायची. १९५८ मध्ये तिथल्या सरकारने फर्मान काढलं की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. पोरं थोडीच ऐकतात! १९५९ मध्ये रॉन अगिरे या पठ्ठ्याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप जोडले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली! पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत हीच हौस डॅटसन, टोयोटाच्या छोट्या पिकअपवर उतरली आणि 'मिनी ट्रकिंग' जन्माला आलं. उंचीची ती जुनी अट मात्र कॅलिफोर्नियात थेट १ जानेवारी २०२४ ला उठली.

फंडा काय?

मागची चाकं जोडणारा आडवा अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर कमी करायचं, बस्स. त्याचे नेहमीचे तीन मार्ग:

• शॅकल: पाट्याचं टोक चासीला जोडणारा हा झुलता दुवा. तो बदलला की इंच-दोन इंचांचा फरक पडतो.

• ब्लॉक: पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जात असतील तर दोघांच्या मध्ये धातूचा ठोकळा घालायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचा. गाडी दोन-तीन इंच खाली.

• फ्लिप: पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर उलटापालट करून अ‍ॅक्सलच पाट्यांच्या वर बसवायचा. शेवरलेच्या मोठ्या पिकअपवर याने पाच-सहा इंच मिळतात.

गोची इथे आहे, बॉस

इतकं खाली आल्यावर प्रत्येक खड्ड्यात अ‍ॅक्सल चासीवर आदळतो. म्हणून तिथे चासी अर्धगोल कापून 'सी' आकाराची जाड पट्टी बसवावी लागते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही आखूड हवेत. शेपूट बसली की नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तोही नव्याने सेट करायचा.

सगळ्यात डेंजर भाग दिसतच नाही. बऱ्याच पिकअपमध्ये, विशेषतः जुन्या, मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि अ‍ॅक्सल जवळ आले की तो समजतो, हौदा भरला! मग मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. हौदा असतो रिकामा, रस्ता असतो ओला. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. म्हणून ड्रॉपनंतर हा व्हॉल्व्ह नव्याने सेट करणं मस्ट! आणि खाली आणलेल्या हौद्यात पूर्वीइतका माल टाकायचा मोहही सोडायचा. पाटे दबायला जागाच उरलेली नसते ना.

'आपण पण करू या का?'

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स आपल्याही रस्त्यांवर दिसतात, त्यामुळे हात शिवशिवणारच. पण जरा थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यावर आपले स्पीडब्रेकर आहेतच. ते आरटीओची वाट बघत नाहीत!

तेव्हा गॅरेजवाल्याला 'किती इंच?' विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. आपल्याला ट्रक हवाय की ट्रकसारखी दिसणारी कार? ट्रक हवा असेल, तर ती उचललेली शेपूटच त्याची खरी ऐट आहे.