सागवानातील सिंहमुद्रा

न्यायासनाच्या मागील भिंतीवर जी राजमुद्रा विराजमान असते, तिच्याकडे पाहणाऱ्याची दृष्टी बहुधा सिंहांच्या तीन मुखांवरच स्थिरावते. त्यांच्या पायांखालील पट्टीवर मध्यभागी असलेले चक्र, त्याच्या उजवीकडचा बैल, डावीकडचा घोडा आणि दोन्ही टोकांना केवळ कडेच्या रूपाने डोकावणारी आणखी दोन चक्रे यांची दखल फार थोड्यांकडून घेतली जाते. हीच मुद्रा सागवानी फळीत उतरवावयास बसलेल्या कारागिराला मात्र यांपैकी कशाचीही उपेक्षा करण्याची मुभा नाही, कारण ती कायद्याने ठरवून दिलेल्या आकृतीबरहुकूमच असावी लागते. मूळ शिल्प इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले, चुनारच्या वालुकाश्मात एकाच शिळेतून घडविलेले, सुमारे सात फूट उंचीचे. सारनाथ येथे १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. अर्टेल यांना ते सापडले, आणि २६ जानेवारी १९५० रोजी त्याचे एका अंगाने दिसणारे रूप प्रजासत्ताक भारताने राजचिन्ह म्हणून स्वीकारले. पाठीमागचा चौथा सिंह त्या रूपात दिसत नाही. खालचे घंटाकृती कमळ वगळण्यात आले. आणि मुंडकोपनिषदातील बोधवाक्य देवनागरी लिपीत त्याच्या पायथ्याशी आले. म्हणजे चहूबाजूंनी फिरून पाहावे अशा शिल्पाला एकाच बाजूने पाहण्याजोगे करण्याचा पहिला संस्कार कागदावर झालेला आहे. लाकूडकामाच्या कारखान्यात होतो तो दुसरा, आणि माझ्या मते अधिक अवघड.

हा दुसरा संस्कार अलीकडे ज्या यंत्रावर होतो, त्याला सीएनसी राउटर म्हणतात. जाड पोलादी चौकटीचे मेज, मेजावर लांबीच्या दिशेने सरकणारी कमान, कमानीवर रुंदीच्या दिशेने सरकणारा गाडा आणि गाड्यावर खालीवर होणारे स्पिंडल, असा त्याचा सांगाडा असतो. स्पिंडलच्या तोंडाशी कॉलेट नावाच्या पकडीत आवळलेले बिट, म्हणजे कापणारे हत्यार, मिनिटाला अठरा ते चोवीस हजार फेरे घेते आणि संगणकाकडून येणाऱ्या आज्ञांच्या यादीनुसार भुसा उडवीत फिरत राहते. त्या यादीला जी-कोड असे नाव आहे. तिच्यात सिंहाचा अथवा आयाळीचा कोठेही उल्लेख नसतो. अमुक इतके उजवीकडे, तमुक इतके खाली, अमक्या वेगाने, असे लक्षावधी हुकूम तेवढे एकामागून एक लिहिलेले असतात.

नमुन्यावरून लाकूड कोरण्याची यांत्रिक तजवीज मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ साली बंदुकीचे दस्ते कातण्यासाठी जे यंत्र सिद्ध केले, त्यात नमुन्याच्या दस्त्यावरून एक चाक फिरे आणि त्याच्या हालचालीप्रमाणे शेजारच्या कच्च्या लाकडावर कातणारे हत्यार चाले. इंग्लंडात टॉमस जॉर्डन याने १८४५ साली ज्याचे पेटंट घेतले त्या कोरीवकामाच्या यंत्रात मध्यभागी नमुन्यावरून फिरणारी बोथट सुई व तिच्या दोन्ही अंगांस तशाच चालणारी हत्यारे असत; लंडनच्या नव्या पार्लमेंटगृहाचे कितीतरी लाकूडकाम या यंत्रावर खोदून काढले गेले, आणि यंत्राने ढोबळ खोदाई करावी व शेवटचा हात कारागिराने फिरवावा ही कामाची वाटणीही तेथेच रूढ झाली. या सर्व यंत्रांना प्रत्यक्ष नमुना समोर लागे. नमुन्याची जागा अंकांनी घेतली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे हेलिकॉप्टरची पाती बनविणारे जॉन पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी वक्राकृतीवरील बिंदूंचे स्थान गणिताने काढून त्याप्रमाणे धातू कातण्याची कल्पना मांडली. १९४९ साली अमेरिकी वायुदलाने तिच्यासाठी मक्ता दिला. आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा वाचणारे यंत्र चालवून दाखविण्यात आले. जॉर्डनच्या यंत्राला सिंह दाखवावा लागे. आजच्या यंत्राला सिंहाच्या उंचसखलपणाचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब कोणी व कसा मांडला, यावरच मुद्रेचे सारे बरेवाईट ठरते.

छायाचित्र संगणकात घातले की कोरीव शिल्प बाहेर पडते, अशी पुष्कळांची समजूत आहे, आणि बाजारात जी निस्तेज कामे दिसतात त्यांचे मूळ बहुतांशी याच समजुतीत आहे. यंत्राला जो उंचीचा नकाशा लागतो तो करड्या छटांचे चित्र असतो हे खरे. त्यात पांढरे ते उंच आणि काळे ते खोल असा संकेत असतो. पण छायाचित्रातील पांढरेपणा हा उजेडाचा असतो, उंचीचा नव्हे. सिंहाच्या गालावर पडलेली प्रकाशाची तिरीप अशा नकाशात गाठ होऊन उभी राहते, आणि जबड्याखालची निव्वळ सावली विवरासारखी खोदली जाते. छटांची संख्याही येथे निर्णायक ठरते. संगणकी परिभाषेतील आठ बिटांच्या चित्रात छटा २५६ असतात; वीस मिलिमीटर उठाव त्यांत वाटला तर एकेका छटेच्या वाट्याला सुमारे ०.०८ मिलिमीटर येतात, आणि सिंहाच्या छातीसारख्या सौम्य चढावर त्या पायऱ्या पॉलिशचा हात फिरल्यावर उघड्या पडतात. सोळा बिटांच्या चित्रात छटा ६५,५३६ होतात आणि हा दोष नाहीसा होतो. ज्याने हे एकदा जाणले त्याने आठ बिटांच्या नकाशावर चांगले सागवान खर्ची घालू नये.

बरे, छायाचित्र सोडून शिल्पाची खरी त्रिमिती मोजून आणली, तरी प्रश्न मिटतो असे नाही. अर्ध्या मीटर उंचीच्या फळीवर वीस मिलिमीटर उठावात हे सिंह बसवावयाचे असतात. म्हणजे मूळ खोलीचा फार मोठा अंश दाबून टाकावयाचा असतो. संगणकाला सांगितले तर तो सर्व खोली एकाच प्रमाणात दाबतो, आणि मग असे होते की मधल्या सिंहाचे पुढे आलेले मुख व छाती हीच उपलब्ध उठावाचा बहुतेक भाग गिळून बसतात, तर आयाळीच्या बटा, डोळ्यांच्या पापण्या, पंजांची नखे, चक्राचे आरे यांच्या वाट्याला केसाएवढा उंचवटा उरतो. दुष्काळात जहागीरदाराकडून आणि कुळाकडून एकाच दराने धारा वसूल करण्यासारखे हे आहे: ज्याच्यापाशी पुष्कळ त्याचे फारसे बिघडत नाही, ज्याच्यापाशी मुळातच थोडे त्याचे सर्वस्व जाते. म्हणून जाणता कारागीर उठावाची वाटणी विषम करतो. मुखाचा पुढावा तो निष्ठुरपणे कमी करतो. आयाळीच्या बटांना त्यांच्या हक्काहून अधिक खोली देतो. आणि जेथे एक अवयव दुसऱ्याच्या पुढे येतो, उदाहरणार्थ मधल्या सिंहाची आयाळ व कडेच्या सिंहाचा खांदा यांच्या संधीवर, तेथे मागच्या पृष्ठाला संधीपाशी हळूच खाली उतरवून एक तीक्ष्ण पायरी निर्माण करतो, जी मूळ शिल्पात त्या मापाने नसतेच. त्या पायरीवर सावली पडते आणि त्या सावलीने डोळा दोन सिंहांमध्ये अंतर मानतो. टांकसाळीतील ठसेकारांनी हेच केले, फ्लॉरेन्सच्या दोनातेल्लोने अत्यंत उथळ संगमरवरी शिल्पांत हेच केले, आणि मराठी वाड्यांच्या तुळयांवर व गणेशपट्ट्यांवर ज्यांनी हात चालविला त्या सुतारांनाही हे ठाऊक होते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे किंवा चांदवडच्या रंगमहालाचे लाकूडकाम सकाळच्या तिरप्या उजेडात पाहावे. उठाव किती थोडा आहे आणि त्यातून भासणारी खोली किती मोठी आहे, याचा प्रत्यय तेथे येतो. ही विद्या यंत्राने नष्ट केलेली नाही. ती पटाशीच्या टोकावरून संगणकाच्या पडद्यावर गेली आहे, आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याला कितीही महागड्या यंत्राने ती मिळत नाही.

लाकडाची निवड हा यानंतरचा विषय. आलापल्ली व बल्लारशाच्या डेपोंतून येणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील सागवानाची कीर्ती सर्वश्रुत आहे; ते ऋतुमानाप्रमाणे फुगण्या-आकसण्यात संयमी, आणि पॉलिश घेण्यात उदार. त्याच्या अंगी सिलिकेचे कण असल्यामुळे मात्र हत्याराची धार लवकर मरते, म्हणून अखंड कार्बाइडचीच बिटे वापरावी लागतात. ज्यांना केवळ बारकाव्याची चाड आहे त्यांना हळदूचे पिवळसर, एकजीव पोताचे लाकूड सागवानाहून अधिक साथ देते, असे माझे मत आहे; सागवानाच्या ठळक रेषा सिंहाच्या गालावर आडव्या आल्या की कोरलेल्या रेषांशी भांडू लागतात. म्हणूनच फळी निवडताना रेषा कोठून जातात हे आधी पाहणे आणि चेहऱ्याच्या जागी शांत पोताचा भाग येईल अशी मांडणी करणे अगत्याचे असते. रुंद फळी एकसंध घेण्यापेक्षा अरुंद पट्ट्या, वलयांच्या दिशा आलटूनपालटून, सरसाने जोडून घेतलेली बरी. आठ ते बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळविलेली फळीदेखील कोकणातील आषाढात फुगते आणि विदर्भातील वैशाखात आकसते, तेव्हा तिला एकाच बाजूस वाकण्याचा मोह होऊ नये हा त्यामागील हेतू.

प्रत्यक्ष कोरणे दोन टप्प्यांत होते. रफिंगमध्ये सहा मिलिमीटरांचे सपाट बिट थराथराने अनावश्यक लाकूड काढून टाकते आणि पृष्ठावर अर्धा-एक मिलिमीटर शिल्लक ठेवते. ती शिल्लक फिनिशिंगमध्ये निमुळत्या, गोल टोकाच्या बिटाने उतरवली जाते. येथे वेळेचा हिशेब डोळ्यांत भरण्यासारखा आहे. चारशे मिलिमीटर रुंद व पाचशे मिलिमीटर उंच फळीवर ०.२ मिलिमीटर अंतराने उभ्या ओळी मारावयाच्या, तर ओळी दोन हजार होतात आणि बिटाचा प्रवास एक किलोमीटर होतो. मिनिटाला तीन मीटर या वेगाने त्याला साडेपाच तास लागतात, आणि चढउतारांवर यंत्राला वारंवार वेग आवरावा लागत असल्यामुळे वस्तुतः त्याहूनही अधिक. टोकाचा व्यास एक मिलिमीटर धरला तर दोन ओळींमध्ये उरणारा कंगोरा ०.०१ मिलिमीटर उंचीचा असतो. ओळींतील अंतर निम्मे केले की वेळ दुप्पट होतो, पण कंगोरा चौपटीने घटतो. या व्यवहारात तोटा नाही, आणि जे कारखानदार वेळ वाचवून पुढे पॉलिश पेपरने कंगोरे घासून काढतात ते कंगोऱ्यांबरोबर पापण्याही घासून टाकतात. याउलट फार मंद गतीही घातक आहे. अठरा हजार फेऱ्यांच्या, दोन धारांच्या बिटाने मिनिटाला ३.६ मीटर चालावे तेव्हा प्रत्येक धार एक दशांश मिलिमीटर लाकूड घेते. गती फारच उतरली की धार कापण्याऐवजी घासू लागते, आणि लाकडावर जळल्याचा काळसर डाग उमटतो.

बोधवाक्याची अक्षरे हा स्वतंत्र प्रांत. ती खोदून घ्यावयाची असतील तर टोकदार व्ही-बिट उत्तम: नव्वद अंशांच्या बिटाची खोली रेषेच्या रुंदीच्या निम्मी राहते, आणि रेषा अरुंद होईल तसतसे बिट वर उचलले जाऊन कोपरे सुईसारखे तीक्ष्ण येतात, त्यामुळे मात्रेचा बारीक होत जाणारा शेवट लेखणीने काढल्यासारखा उतरतो. पण अक्षरे उठावाची हवी असतील, तर शिरोरेषा व दंड जेथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यांत बिटाचे गोल टोक शिरू शकत नाही. तेथे पटाशीच हवी. वरून खाली उतरणाऱ्या बिटाला आडोशाखालचे काहीच दिसत नाही, म्हणून सिंहाच्या ओठाखालची पोकळी, बैलाच्या पोटाखालची कड आणि आयाळीच्या बटेचा मागे वळलेला भाग हेही हातानेच मोकळे करावे लागतात. अशा ठिकाणी दोन-तीन तास बारीक गोल पटाशी चालली की यंत्रातून उतरलेल्या फळीचा सारखेपणा मोडतो आणि कडांना जिवंत धार येते. हे तास दरपत्रकात स्वतंत्र मांडावेत आणि गिऱ्हाइकानेही ते आनंदाने द्यावेत.

मागणी कोणाची आहे हे पाहिल्याखेरीज मात्र हे काम अंगावर घेऊ नये. राजचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम यांनी त्याचा वापर कोणी व कोठे करावा हे निश्चित केले आहे. राष्ट्रपतिभवन, संसद, उच्च न्यायालये, सचिवालये अशा इमारतींवर त्याचे स्थान आहे, खाजगी बंगल्याच्या दारावर किंवा दुकानाच्या पाटीवर नाही.

एकदा सिद्ध झालेला उंचीचा नकाशा लहानमोठा करून कोणत्याही मापाला वापरता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु अर्ध्या मीटरची मुद्रा पंधरा सेंटिमीटरांवर आणली की दोन बटांमधील खाच बिटाच्या टोकाहून अरुंद होते, आरे एकमेकांत मिसळतात, आणि वीस मिलिमीटरांचा उठाव सहावर आल्याने संधींवरील पायऱ्या सावली धरीनाशा होतात. मग बटांची संख्या कमी करून उरलेल्या बटा रुंद कराव्या लागतात, पायऱ्या पुन्हा चढवाव्या लागतात, आणि मुखाचा पुढावा आणखी दाबावा लागतो. आऱ्यांना मात्र हात लावता येत नाही. राजमुद्रेच्या चक्रात त्यांची संख्या नेमलेली आहे, तेव्हा ते अधिक बारीक बिटाने, अधिक वेळ घेऊन, तेवढेच काढावे लागतात. म्हणून एका मुद्रेसाठी प्रत्येक मापाचा नकाशा वेगळा सिद्ध करून ठेवावा लागतो, आणि नवे माप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आठवड्याची मुदत सांगावी लागते.