मानवतची गाठ, ढाक्याचे बिल

मानवत, सेलू, जिंतूर या पट्ट्यात कापूस पिकतो आणि तिथेच जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. भारतीय रुईचा मोठा ग्राहक बांगलादेश. माल देशाबाहेर चालला, जीएसटी लागत नाही, मग ई-इनव्हॉइस कशाला, असा प्रश्न बाजारात अजून ऐकू येतो. हा समज महागात पडतो. निर्यात करमुक्त नव्हे, ‘शून्य दराची’ असते आणि तिला ई-इनव्हॉइस लागतेच.

कोणाला लागू?

१ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून हा नियम सुरू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींवर आली आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात ती ओलांडली असेल तरी नियम लागू. ३५६ किलोच्या खंडीला ५५ हजार भाव धरला, तर १७० किलोची गाठ सुमारे २६ हजारांची होते. म्हणजे साधारण १,९०० गाठींतच ५ कोटी पूर्ण. चालत्या जिनिंगने आपण लहान आहोत असे समजू नये.

बिलात काय भरायचे?

ग्राहकाला बिल डॉलरमध्ये द्या. ई-इनव्हॉइस पोर्टलवर मात्र रक्कम रुपयांतच जाते आणि मालासाठी कस्टम्सने जाहीर केलेला विनिमय दर धरावा लागतो. परदेशी ग्राहकाला जीएसटी क्रमांक नसतो, म्हणून तिथे ‘यूआरपी’ (नोंदणी नसलेली व्यक्ती), राज्याचा कोड ९६ आणि पिनकोड ९९९९९९. मग पोर्टल ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड देते. नियम लागू असताना आयआरएनशिवाय काढलेले बिल कायद्याच्या लेखी बिलच नाही.

चूक झाली तर २४ तासांच्या आत रद्द करता येते, पण तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. १० कोटी व त्यावर उलाढाल असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांत पोर्टलवर गेलेच पाहिजे.

पैसे कुठे अडकतात?

शेतकऱ्याकडून कापूस घेताना ५ टक्के कर जिनिंगवालाच रोखीने भरतो. एलयूटी (हमीपत्र) देऊन कर न भरता निर्यात केली की ती रक्कम क्रेडिटमध्ये साचत जाते. दुसरा मार्ग आयजीएसटी भरून परतावा घेण्याचा. दोन्हींत माल खरोखर बाहेर गेला याचा पुरावा म्हणजे शिपिंग बिल. ई-इनव्हॉइस काढताना शिपिंग बिल बहुधा तयार नसते. त्यामुळे जीएसटीआर-१ या विवरणपत्रात नोंद आपोआप येते, पण शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड रिकामे राहतात. मुनिमाने ते हाताने भरले नाहीत, किंवा बिल क्रमांकात एक आडवी रेघ इकडची तिकडे झाली, तर आयजीएसटीचा परतावा थांबतो. बँकेचे व्याज मात्र रोज चढते. माझ्या मते सर्वाधिक लक्ष इथेच हवे.

मध्ये मुंबईचा निर्यातदार असेल तर

तुमच्यासाठी ती देशांतर्गत विक्री. अटी पाळल्या तर ०.१ टक्का सवलतीचा दर लावता येतो, पण त्याने ९० दिवसांत माल बाहेर पाठवायला हवा. ई-इनव्हॉइस त्याच्या जीएसटी क्रमांकावर काढा.

एप्रिलच्या गाठी

एलयूटी आर्थिक वर्षापुरतीच चालते, ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्ये गाठी जायच्या असतील, तर पहिला ट्रक भरण्याआधी नवी एलयूटी भरून घ्या.